अण्णांचं वरण बंद करू नका

लातूर

प्रिय बालाजी,

डायलिसिस सुरू झाल्यावर अण्णांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात तो टाकाऊ पदार्थ) उतरलं म्हणून तू फोनवर इतका खूश होतास की तेव्हा माझ्यानं बोलवलं नाही. मी औशाला जाऊन त्यांना भेटलो. मांड्या पार वाळल्यात रे. बाजेवरून उठायला दोन्ही हात टेकावे लागतात. ज्वारीचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा माणूस हा!

क्रिएटिनिन तयार होतं ते स्नायूंतूनच. स्नायू झिजले की किडनी तशीच असली तरी आकडा खाली येतो. वजनावरही जाऊ नकोस. अंगावरचं मांस जातं, त्या जागी पाणी साठतं आणि काटा हलत नाही.

किडनीच्या आजारात भूक मरते, अंगात सूज धुमसत राहते. रक्तात आम्ल साचलं की शरीर स्वतःचेच स्नायू तोडायला लागतं. म्हणून रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाला मारणारा रक्तातला क्षार, बघ. ते २२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून विचार.

खरी काळजी मला ताटाची वाटते. काकू अजून वरण वाढत नाहीत. "डॉक्टरांनी डाळ बंद केलीय," म्हणाल्या. अरे, ते पथ्य डायलिसिसच्या आधीचं! तेव्हा किडनीवरचा भार कमी करायला प्रथिनं किलोमागे ०.६ ग्रॅमच्या आसपास ठेवतात. डायलिसिस सुरू झालं की तीच १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण दर खेपेला ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचेच घटक, मशीनमधून वाहून जातात. अण्णा ५० किलोचे धरले तर दिवसाला ५० ते ६० ग्रॅम झाली. भाकरी आणि दुधी भोपळ्यावर ती कुठून भरणार? काकूंचा यात काही दोष नाही. पथ्य बदललं हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नाही.

अण्णा माळकरी, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक बाद. उरलं मुगाचं वरण, पनीर, दही. पण रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरसही वाढू द्यायचं नाहीये, तेव्हा मनानं काही सुरू करू नका, आहारतज्ज्ञाकडून मापं लिहून घेऊ. डायलिसिस नसेल त्या दिवशी खुर्चीतून उठ-बस करायला लावायचं, तेही डॉक्टरांना विचारून. नुसतं पडून राहिलं की स्नायू आणखी झपाट्यानं जातात.

बुधवारी डायलिसिसला मीच त्यांच्यासोबत जाईन. आहारतज्ज्ञाची वेळ त्याच दिवशी घेऊ का, ते कळव. आणि काकूंना आज रात्रीच फोन कर. तू सांगितलंस तरच त्या ऐकतील.

तुझा,
दत्ता