काकूंना काय सांगू?

पुणे, रविवार

प्रिय शमे,

तब्येत बरी आहे, ॲसिडिटी आहे, केस गळतायत, झालं.

व्हॉइस नोटच करणार होते, पण तू त्या स्पीकरवर लावतेस आणि तुझं अख्खं हॉस्टेल ऐकतं. म्हणून मेल. मोठा आहे, कंटाळलीस तर दुधीपासून वाच.

गुरुवारी तुमच्याकडे जेवायला गेले होते. मेसचं खाऊन वाळलीस वगैरे काकूंचं नेहमीचं. परीक्षा तोंडावर, म्हणून एम्ब्रिऑलॉजीची, म्हणजे गर्भाच्या वाढीची, वही सोबतच नेली. जेवून दिवाणावर लोळत न्यूरल ट्यूब (मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून बनतात ती नळी) वाचत होते आणि काकू ओटा आवरून माझ्या मागून वहीत डोकावल्या. पाठीवर पिशवीसारखा फुगवटा आलेलं बाळ, मी त्याला गुलाबी हायलायटर मारलाय. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "हे आपल्या चिक्याचंच ना?"

शमे, आमच्याकडे ही हमखास येणारी शॉर्ट नोट आहे गं. ग्रुपमधला एकजण म्हणाला होता, मेनिंगोमायलोसील (हाच तो पाठीवरचा फुगवटा) सोडू नका, फुकटचे मार्क आहेत, आणि मीही तिथे स्टार काढला होता. आतल्या खोलीत तुझा भाऊ, चिक्या, मॅच बघत पंचाला शिव्या घालत होता (तुझ्याकडूनच शिकलाय), आणि माझ्या वहीत त्याच्या पाठीला स्टार.

मग म्हणाल्या, हे कितव्या महिन्यात होतं गं. मी विद्वान, घडाघडा सुरू. महिन्यात नाही काकू, चौथ्या आठवड्यात. आधी सपाट पट्टी असते, तिच्या कडा वर उचलल्या जातात, मानेपाशी एकमेकींना चिकटतात आणि तिथून वर-खाली जुळत नळी होते. डोक्याकडचं तोंड गर्भ राहिल्यापासून साधारण 25व्या दिवशी बंद होतं, खालचं 28व्या. खालचं उघडं राहिलं की हे असं. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "म्हणजे दसऱ्याच्या आसपास. मला तर दिवाळीत कळलं." आणि मग अगदी हळू, कारण आजी समोरच माळ ओढत होत्या, "ग्रहण तर संक्रांतीनंतरचं."

15 जानेवारी 2010. आपल्याला शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेआधी ही तारीख पाठ झाली असेल. आजींचं म्हणणं, ग्रहणात काकूंनी विळी घेतली, दुधी चिरला, म्हणून पोराची पाठ चिरली गेली. तुमच्या घरात अजून दुधी येत नाही. आणि ग्रहण लागलं तेव्हा ती नळी बंद व्हायची वेळ उलटून तीन महिने झाले होते! मला वाटलं आता काकू हसतील, आजींना काहीतरी सुनावतील तरी. तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग कशाने झालं?"

तेवढ्यात आजींनी चहा मागितला म्हणून सुटले. जाताना काकू म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी ये, नीट समजावून सांग.

काय सांगू? पुस्तकात पुढचीच ओळ फोलिक ॲसिडची आहे. रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या आधीपासून. 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास आला, आधी असं मूल झालेल्या बायकांना रोज 4 मिलिग्रॅम दिलं तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी झालं. 1991! चिक्याच्या 19 वर्षं आधी. आणि काकूंना पहिली गोळी मिळाली तिसऱ्या महिन्यात, त्यांनीच सांगितलंय. आजींचं ग्रहण निदान खोटं होतं, काकूंना मनातून माहीत होतं की खोटं आहे. ही गोळी खोटी नाही. मी जाऊन त्यांना दुधीतून सोडवायचं आणि गोळीत अडकवायचं का?

बसमध्ये मी बाकीची कारणंही तपासली. डायबेटिस, फिटवरचं व्हॅल्प्रोएट, काकूंना यातलं काहीच नव्हतं. जीन्सचा भाग असतोच. आणि 72 टक्के म्हणजे गोळी घेऊनही काहींना होतंच, न घेतलेल्या बहुतेकींना होत नाही, तुझ्या-माझ्या वेळी कोणी घेतली होती? हे सगळं खरं आहे, पण काकू "बहुतेक" ऐकणार नाहीत, गोळी तेवढी ऐकतील.

गोळीवरून आठवलं, शाळेत सोमवारी त्या निळ्या गोळ्या मिळायच्या, तू जिभेखाली धरून नंतर मोरीत थुंकायचीस आणि मी बाईंना सांगितलं म्हणून माझी कंपास लपवलीस. त्यात 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असायचं बरं का. आणि पाचवीतले फुगे! आमची सीनियर म्हणाली, स्पायना बायफिडाच्या, म्हणजे चिक्यासारखा मणका उघडा राहिलेल्या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी बऱ्याचदा असते, लहानपणापासून ऑपरेशनं, कॅथेटर, ग्लोव्हज, सगळा रबराचाच संबंध. भवाने, दारातच सगळे फुगे फोडलेस तेव्हा एवढं सांगायचं ना, मी दिवाळीपर्यंत बोलले नव्हते तुझ्याशी.

अभ्यास म्हणशील तर न्यूरोचे ट्रॅक्ट्स रोज पाठ होतात, रोज जातात. कॉन्ट्रासेप्शन झालं. अंतरा म्हणजे तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, छाया म्हणजे गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. दोघी जावा वाटतात ना? र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि माझी रूमी अजून त्याला "तो चॅप्टर" म्हणते.

तुझी इंटर्नशिप लागली का? अनिकेतचं काय ते एकदा ठरव. आणि हसू नकोस, लग्न कधीही कर, पण मूल हवं असेल तेव्हा आधीच डॉक्टरांना चिक्याचं सांग. सख्ख्या भावाला असलं की तुझा डोस वेगळा, मोठा असू शकतो, आणि तो आधीपासूनच सुरू करावा लागतो. हे तरी मला वेळेवर सांगता येतंय.

तर गुरुवार. माझा विचार असा की ग्रहणाचं मोठ्याने सांगायचं, आजींच्या समोर, तारखेसकट. गोळीचं विचारलं तरच, आणि तेव्हा हेही की तुम्हाला कळलं तोवर वेळ गेलेली होती आणि आधी सांगणं तुमचं काम नव्हतं. पण आई तुझी आहे. नको म्हणालीस तर जीन्सवर गप्पा मारून जेवून येईन. बुधवारपर्यंत कळव, आणि घरी फोन करून काकूंनाच विचारत बसू नकोस.

तुझी,
प्राजू

ता. क. चिक्याने ती आकृती बघितली. म्हणाला, नाक चुकलंय.