मोरीचं पाणी बघूनच तलावाकाठी परवानगी द्या

मा. जिल्हाधिकारी, नागपूर यांस,
सादर नमस्कार.

झिल्पी तलाव असो की खिंडसी तलाव, शनिवार-रविवारी नागपूरकर पाण्याकाठी जेवायला निघतात. सावजी मटण, थंडीत हुरडा, समोर मावळतीचा सूर्य. अशा जागा वाढाव्यात, गावातल्या पोरांना तिथे काम मिळावं, असंच आम्हाला वाटतं. आम्ही ढाब्यांच्या स्वयंपाकघरांची नळजोडणी आणि सांडपाण्याची कामं करणारी माणसं आहोत. आमची मागणी एकच आहे: तलावाकाठच्या ढाब्याला परवानगी देण्याआधी त्याच्या मोरीचं पाणी कुठे जातं ते बघा.

सावजी रस्सा संपला तरी वाटीच्या तळाशी चमचाभर तर्री राहतेच. शंभर वाट्या धुतल्या की अर्धा लिटर तेल मोरीत गेलं. यात कढईचं तेल धरलेलंच नाही. मे महिन्यात हे तेल पातळ राहून सरळ वाहत जातं. डिसेंबरात, म्हणजे ऐन गर्दीच्या दिवसांत, मटणाची चरबी पाइपात थिजते, मोरी तुंबते, आणि मग कोणीतरी पाइप कापून पाणी उताराला सोडून देतो. उतार तलावाकडेच असतो.

उपाय महागडा नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता उपाहारगृहाच्या एका आसनामागे रोज 70 लिटर पाणी धरते; 40 आसनांना 2800 लिटर झाले. त्यातलं भांड्यांचं पाणी रात्रीच्या गर्दीत तासाला चारपाचशे लिटर येतं. तेल वर तरंगायला ते किमान अर्धा तास स्थिर राहिलं पाहिजे, म्हणजे 250 लिटर जागा हवी. गाळ आणि तवंगाला तेवढीच आणखी धरा. 500 लिटरचा, झाकण उघडता येईल असा, तेल अडवणारा चेंबर पुरतो.

चूक होते ती चेंबरमधून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपात. मिस्त्री तो वरच्या बाजूला सरळ बसवतो आणि तरंगणारं तेलच आधी बाहेर जातं. तिथे टी, म्हणजे इंग्रजी T आकाराचा जोड, लावून त्याचं तोंड पाण्याच्या खालच्या भागात उतरवावं लागतं, म्हणजे मधलं स्वच्छ पाणी निघतं. दुसरी चूक म्हणजे चेंबर साफ करायला उकळतं पाणी आणि साबण ओतणं. तेल विरघळल्यासारखं पुढे सरकतं आणि पुढच्या पाइपात पुन्हा थिजतं. तवंग आणि गाळ मिळून चेंबरच्या खोलीचा पाव भाग भरला की तो हाताने काढायचा. ताटं-वाट्या धुण्याआधी रद्दीने पुसून घेतल्या तर हे काम निम्म्यावर येतं.

तळणाच्या जुन्या तेलाला वेगळा डबा हवा. त्यातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे पदार्थ) 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे.

शौचालयाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण आपल्याकडची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, शोषखड्डा पाणी गपागप पितो. मृगाचे दोन पाऊस झाले की तीच माती फुगून बंद होते, खड्डा वर येतो आणि मैला तलावात उतरतो. अशा जमिनीत सेप्टिक टँकचं पाणी गिट्टीच्या वाफ्यातून, कर्दळीच्या मुळांमधून फिरवावं. झाडं लावून सांडपाणी शुद्ध करायची फायटोरिड पद्धत नागपूरच्याच नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केली आहे. तिच्या तज्ज्ञांकडून ढाब्याला परवडेल असा छोटा नमुना करून घ्या. अंबाझरी तलावातल्या जलकुंभीने शहराला पुरेसं शिकवलं आहे. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हेच तिचं खत.

दिव्यांबद्दलही अटीत एक ओळ टाका. टेबलावर पांढरा हॅलोजन नको. पहिल्या पावसानंतर त्यावर पाखरं तुटून पडतात, ती ताटात येतात, आणि समोरचा तलाव दिसेनासा होतो. पिवळा दिवा खाली, मोठा दिवा दूर पार्किंगकडे, एवढं पुरे.

अर्जासोबत चेंबर, टँक आणि वाफा दाखवणारा साधा हातनकाशा मागा. खड्डे बुजवण्याआधी फोटो मागा. आणि पाहणी मार्चात करू नका; तेव्हा प्रत्येक शोषखड्डा कोरडा दिसतो. ऑगस्टात, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर माणूस पाठवा.

आपले,
ढाब्यांची सांडपाण्याची कामं करणारे कारागीर, नागपूर