सहार कार्गोपासून घरापर्यंत तरी सरकारने सोबत यावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझे भावोजी मागच्या वर्षी सौदीत दम्मामला वारले. ट्रेलर चालवायचे, वय ४६, झोपेतच अटॅक आला. आम्हाला कळलं ते रात्री अकराला, त्यांच्या रूममधल्या यूपीच्या पोराने रडत रडत व्हॉइस मेसेज टाकला तेव्हा. आणि बॉडी घरी आली तेविसाव्या दिवशी.

सौदीत हिंदू माणसाला अग्नी देता येत नाही, तिकडेच पुरायला संमती द्या असं एकाने सुचवलं पण ताई नाही म्हणाली, म्हणजे आणण्याशिवाय मार्गच नव्हता. मग हॉस्पिटलचा कागद, पोलिसांचा कागद, इथून ताईचं मुखत्यारपत्र, एम्बसीची एनओसी, पासपोर्ट रद्द, जवाजात म्हणजे तिथल्या पासपोर्ट ऑफिसमधून फायनल एक्झिट (देश कायमचा सोडायचा शिक्का), एम्बामिंगचं म्हणजे बॉडी टिकवायला औषध भरल्याचं सर्टिफिकेट आणि मग कुठे विमानाचं बुकिंग. कफील म्हणजे तिथला मालक चांगला असला तर पटापट होतं म्हणतात, आमचा फोनच उचलत नव्हता. शेवटी एम्बसीच्या कम्युनिटी वेल्फेअर फंडातून खर्च झाला. हा फंड २००९ पासून आहे पण आम्हाला तो सांगितला तिथल्या एका मल्याळी समाजसेवकाने, भावोजींना कधी भेटलेला नाही, ओळख ना पाळख, तरी सगळी धावपळ त्यानेच केली. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही.

इकडे घरात तर काय करायचं तेच कोणाला कळेना. सुतक कधीपासून धरायचं, ताईने कुंकू पुसायचं की नाही, भटजी एक सांगायचे, भावकी दुसरं. तिच्या सासूबाई रोज सकाळी चूल पेटवू का म्हणून आमच्या तोंडाकडे बघायच्या.

पण मला मुद्दा मांडायचाय तो मुंबईत उतरल्यानंतरचा. आम्ही तिघं जण विमानतळाच्या सहार कार्गोला पहाटेपासून झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन उभे, या खिडकीवरून त्या खिडकीवर, आणि कोणी विचारणारं नाही. आता २०२३ पासून केंद्राच्या आरोग्य खात्याचं ई-केअर पोर्टल आहे, बॉडी आणायची परवानगी ऑनलाइन मिळते, ते चांगलंच झालं, पण पेटी ताब्यात मिळाली की पुढे तुमचं तुम्ही बघा. बाहेरच्या अॅम्ब्युलन्सवाल्याने खेडपर्यंत २२ हजार सांगितले आणि आम्ही दिले, त्या वेळी घासाघीस कोण करणार. कशेडी घाट उतरेपर्यंत पुन्हा पहाट झाली. पेटीवर काळ्या मार्करने नाव लिहिलेलं, तेही चुकीच्या स्पेलिंगने, ताईचा चौदा वर्षांचा मुलगा ते बोटाने पुसत बसला होता. पाखाडीने म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने वर चढवायला दहा माणसं लागली आणि पडवीच्या दारातून पेटी आत जाईना, म्हणून अंगणातच उघडली.

केरळात १९९६ पासून परदेशातल्या लोकांसाठी वेगळं खातं आहे, नोर्का. एअरपोर्टवरून घरापर्यंत त्यांची अॅम्ब्युलन्स मोफत मिळते. १२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगफ भागातल्या कामगारांच्या बिल्डिंगला आग लागली, हवाई दलाचं विमान ४५ जणांचे मृतदेह घेऊन १४ तारखेला कोचीला उतरलं तेव्हा मुख्यमंत्री हजर आणि अॅम्ब्युलन्सची रांग लागलेली, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. रत्नागिरी रायगडातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं आखातात जातायत, त्यांच्या पैशावर गावंच्या गावं उभी राहिली, मग आपल्या राज्याला सहारला एक टेबल, एक माणूस आणि चार अॅम्ब्युलन्स जड आहेत का?

आणि मागितलं की मिळतं. दुबईहून बॉडी आणायला एअर इंडिया आधी काट्यावर वजन करून किलोने भाडं घ्यायची, तिथल्या आपल्या लोकांनी आवाज उठवत ठेवला तेव्हा २०१९ ला सरसकट १५०० दिरहम झालं. आपल्या आमदार खासदारांनी हा विषय एकदा तरी लावून धरावा ही कळकळीची विनंती.

आमच्या वाडीतला अजून एक मुलगा पुढच्या महिन्यात कतारला चाललाय. त्याच्या आईने मला परवा विचारलं, काही झालं तर फोन कोणाला करायचा? मी तिला त्या मल्याळी माणसाचा नंबर दिला, दुसरा कुठला माझ्याकडे नव्हता. आपल्या पेपरने शासनाला विचारून महाराष्ट्राचा एखादा नंबर छापला तर तिला तो नेऊन देईन.

एक वाचक,
ता. खेड, जि. रत्नागिरी