रॅमच्या बिलावर एक ओळ जास्त लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाईत घरच्या पडवीत मी गेली २२ वर्षं डीटीपीचं, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीचं काम करते. लग्नपत्रिका, देवस्थानांची पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कधी एखाद्या प्राध्यापकांचा प्रबंध. लॅपटॉप २०१४ चा आहे, आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. तो बदला म्हणून घरचे मागे लागतात, पण त्यात पानं लावायचं पेजमेकर आहे, मराठी टायपिंगच्या श्रीलिपीची जुनी आवृत्ती आहे आणि इतक्या वर्षांच्या फायली त्याच फॉन्टमध्ये आहेत. थोरल्याची पत्रिका केलेलं घर धाकट्याच्या लग्नाला परत येतं, तेव्हा ती फाइल जशीच्या तशी उघडावी लागते. दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली तर जोडाक्षरं फुटलेली.

अडचण होती ती ४ जीबी रॅमची, म्हणजे चालू कामासाठी लागणाऱ्या मेमरीची. कोरल आणि फोटोशॉप एकदम उघडलं की गोल चकरी फिरत बसायची. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा ९६ टक्क्यांवर. त्याच पानावर खाली लिहिलं होतं की दोनपैकी एकच स्लॉट (रॅमची पट्टी बसवायची जागा) वापरात आहे. म्हणजे दुसरा रिकामा. मला हायसं वाटलं.

तुळशीची लग्नं लागली की आमचा हंगाम सुरू होतो. त्याच्या आधी काम उरकावं म्हणून एसटीने साताऱ्याला गेले आणि एका दुकानात "लॅपटॉपची ८ जीबी डीडीआर-थ्री द्या" असं सांगितलं (डीडीआर-थ्री हा रॅमचा प्रकार). त्यांनी दिली, मी पैसे दिले. बिलावर लिहिलं होतं, "रॅम ८ जीबी, १ नग".

घरी येऊन बॅटरी काढली, मागचं झाकण उघडलं, पट्टी तिरपी सरकवून दाबली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा कट्‌ करून बसल्या. बटण दाबलं तर पडदा काळा आणि नुसतं बीप, बीप. काढून परत बसवली. खोडरबराने सोनेरी टोकं घासली. तेच. त्या रात्री तीन पत्रिका छापायला द्यायच्या होत्या आणि मशीनच गेलं असं वाटून माझे हातपाय गार पडले. शेवटी नवी पट्टी काढून टाकली तेव्हा लॅपटॉप पहिल्यासारखा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. त्यांनी पट्टी दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावून दाखवली, चालली. "माल चांगला आहे ताई, तुमचं मशीन जुनं झालं," म्हणाले. पट्टी खरोखरच चांगली होती, त्यामुळे मला पुढे बोलता येईना. परत काही घेतली नाही.

उलगडा झाला पुण्यात, तपकीर गल्लीत. एका अरुंद काउंटरमागे बसलेल्या वयस्क कारागिराने माझ्या लॅपटॉपमधली मूळची पट्टी काढली, दिव्याखाली धरली आणि लेबलावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. "हे वाचा." पीसी३एल-१२८००एस. मग माझी नवी पट्टी शेजारी ठेवली. पीसी३-१२८००एस. दोघींची लांबी एक, पिना २०४ च, मधली खाच त्याच जागी, वेग १६००. फरक फक्त एका "एल"चा. एल म्हणजे लो व्होल्टेज. साधी डीडीआर३ चालते १.५ व्होल्टवर आणि डीडीआर३एल १.३५ वर. लॅपटॉपच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला १.३५ वालीच लागते. उलट मात्र चालतं, एलवाली पट्टी त्याआधीच्या १.५ व्होल्टच्या लॅपटॉपमध्येही सहसा बिनतक्रार बसते. एवढं एक अक्षर मला माहीत असतं किंवा दुकानात कुणी विचारलं असतं, तर दोन खेपा आणि बाराशे रुपये वाचले असते.

हे एकटीचं दुखणं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. तेव्हापासून ओळखीतले लोक आपापले लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात आणि दर वेळी घोटाळा निराळा निघतो. माझा भाऊ मेढ्याकडे शिक्षक आहे. त्याचा २०१० चा, पहिल्या पिढीचा आय-थ्री. त्याला कुणीतरी ८ जीबीची एक पट्टी विकली. त्या पिढीला इतक्या क्षमतेची एकच पट्टी वाचता येत नाही. एकूण ८ जीबी चालतात, पण ४ आणि ४ अशा दोन पट्ट्यांत. आमच्या आळीतल्या अभ्यासिकेतला एक मुलगा एमपीएससीची तयारी करतो. त्याने ८ जीबी करून घेतली आणि मशीन ३ जीबीच्या आसपासच वापरायला देत होतं. रॅम डुप्लिकेट आहे असं त्याला सांगण्यात आलं. त्याच्या लॅपटॉपवर ३२ बिटचं विंडोज होतं, ते ४ जीबीच्या पुढे जातच नाही. रॅम अस्सल होती. आणखी एका ताईंनी डीडीआर४ आणली होती. तिच्या पिना २६० आणि खाच वेगळ्या जागी, ती आत जाईना म्हणून त्या जोर लावत होत्या. वेळेवर थांबवलं म्हणून स्लॉट वाचला. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते, तिथे वाढवायला जागाच नसते. हे पैसे देण्याआधी कळायला हवं ना?

म्हणून वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की दुकानात नुसतं "आठ जीबी" म्हणू नका. जमलं तर जुनी पट्टी काढून सोबत न्या, नाहीतर तिच्या लेबलाचा स्पष्ट फोटो न्या. लॅपटॉपच्या पोटावरचा मॉडेल नंबर लिहून घ्या. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या मॉडेलला जास्तीत जास्त किती रॅम चालते आणि कुठल्या प्रकारची, ते दिलेलं असतं. वेगाची एवढी चिंता नको, १६०० च्या जोडीला १३३३ ची लावली तर दोन्ही सहसा १३३३ नेच चालतात. व्होल्टेज आणि प्रकार मात्र जुळायलाच हवा. आणि रॅम वाढवली की विंडोज ११ चालेल, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्याला प्रोसेसर बहुतेक करून आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून माझं मशीन मी इंटरनेटला जोडतच नाही, प्रूफं पेनड्राइव्हने मोबाइलवर घेते.

दुकानदारांवर माझा राग नाही. छोट्या गावात येईल तो माल ठेवावा लागतो, हे मला कळतं. पण मालाचा दर्जा, क्षमता आणि प्रमाण कळण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आम्हाला दिलेला आहे. "रॅम ८ जीबी" एवढ्यावरून यातलं काय कळतं? प्रकार, व्होल्टेज आणि वेग बिलावर लिहा. गिऱ्हाइकाने लॅपटॉप आणला असेल तर त्याच्यासमोर लावून, सुरू करून दाखवा. लॅपटॉप सोबत नसेल तर न जुळणारी पट्टी दोन दिवसांत बदलून देण्याचं कबूल करा. संगणक विक्रेत्यांच्या संघटनांनी ही पद्धत आपल्या सभासदांना घालून द्यावी, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

तपकीर गल्लीतल्या त्या काकांनी मी न मागता बिलावर लिहून दिलं होतं: "८ जीबी, डीडीआर३एल, १६००, १.३५ व्होल्ट, लॅपटॉप." एका ओळीत मावलं. आता माझ्या मशीनमध्ये जुनी ४ आणि नवी ८ मिळून १२ जीबी आहे आणि यंदाच्या हंगामातल्या पत्रिका मी त्यावरच केल्या.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, वाई (जि. सातारा)