मान वर करून बघायच्या बायका

वॉशिंग्टन
रविवार रात्र

प्रिय मेधा,

तुझ्या लग्नातला तो फोटोवाला आठवतो? बोहल्यासमोर फतकल मारून बसायचा आणि तिथून फोटो काढायचा. सगळ्या मावश्या ताडाएवढ्या दिसल्या म्हणून आपण किती हसलो होतो! आज नॅशनल गॅलरीत त्याची फार आठवण आली. त्याची युक्ती चारशे वर्षं जुनी निघाली.

इटलीतल्या जेनोआच्या दोन बायका बघून आले, अर्थात चित्रांतल्या. रुबेन्सने १६०६ मध्ये रंगवलेली ब्रिजिदा स्पिनोला दोरिया आणि व्हॅन डाइकने १६२३ मध्ये रंगवलेली एलेना ग्रिमाल्डी कात्तानेओ. जेनोआत राजा नव्हता. स्पेनच्या राजालाच कर्ज देणाऱ्या सावकार घराण्यांचं ते गणराज्य. मग सिंहासन नाही, मुकुट नाही, तर मोठेपण दाखवायचं कशातून?

ब्रिजिदाच्या बाबतीत कापडातून. पांढऱ्या साटिनचा असा लखलखाट की आधी कापड दिसतं, मग बाई. गळ्याभोवती कडक खळीची चुण्यांची झालर इतकी रुंद की डोकं ताटात मांडल्यासारखं वाटतं. असल्या कपड्यात वाकून काही उचलता यायचं नाही. उचलायला माणसं आहेत, हेच तर सांगायचंय. तिचं आदल्याच वर्षी लग्न झालं होतं, वय बावीस.

एलेना मात्र काळ्या पोशाखात. जवळजवळ ८ फूट उंच चित्र, मागे उभ्या पन्हाळीचे खांब, हातात संत्र्याच्या फुलांची डहाळी. चित्रकाराने बघणाऱ्याची नजर खालून वर जाईल अशी ठेवलीय, त्यामुळे आपण पायरीखाली उभे आणि ती गच्चीवरून चालत आपल्याला ओझरतं बघते. डोक्यामागे लालभडक छत्री. आपल्याकडे छत्र धरणं म्हणजे काय, हे तुला काय सांगायचं! पण ती छत्री धरलीय एका आफ्रिकी मुलाने. चित्राच्या नावात एलेनाचं माहेर-सासर दोन्ही आहे, याचं नावसुद्धा नाही. तो तिथे आहे तो तिची उंची आणि तिचा गोरेपणा उठून दिसावा म्हणून. मला आधी छत्रीच दिसली होती, तो नंतर. म्हणजे व्हॅन डाइकने मलाही बरोब्बर फसवलं.

ब्रिजिदाची गंमत वेगळीच. तीही मुळात पायघोळ पोशाखात गच्चीवर पूर्ण उभी होती; रुबेन्सचं रेखाटन न्यूयॉर्कला आहे, त्यात दिसते. पुढे एकोणिसाव्या शतकात कुणीतरी कॅनव्हास कापला. पाय गेले, जमीन गेली, आजूबाजूचा वाडाही बराचसा गेला. तरी तोरा तसाच!

एलेनासमोर इतका वेळ उभी राहिले की मान आखडली. आता शेक घेत हे लिहितेय. तुझ्या अल्बममधला तो मावश्यांचा फोटो पाठव ना.

तुझी,
नीलू