तो प्रश्न मला विचारायला हवा होता

गुहागर, २ जून

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

माझ्या आठवणीसाठी डोक्यावर चुंबकाचा उपचार करणाऱ्या त्या केंद्राचा तू पाठवलेला फॉर्म ह्यांनी बाजारातून छापून आणला आणि मी शेवटपर्यंत वाचला. नाव, वय, बीपीची गोळी, सगळं बरोबर लिहिलं आहेस. फक्त दुसऱ्या पानावर ‘पूर्वी कधी फिट किंवा झटके आले होते का’ यापुढे तू ‘नाही’वर खूण केली आहेस. तिथे ‘हो’ हवं. तुझ्या वेळी नववा महिना लागल्यावर माझं बीपी एकदम चढलं आणि मला झटके आले. मुसळधार पाऊस होता. ह्यांनी कुणाची तरी जीप मिळवली, चिपळूण येईपर्यंत मी शुद्धीवर नव्हते आणि त्याच रात्री तू झालास. हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण मुलाच्या वाढदिवसाला असलं कोण बोलतं?

चुंबकाच्या या उपचारात फिट येणं हा सर्वांत गंभीर धोका आहे. तो क्वचितच घडतो, पण म्हणूनच तो प्रश्न प्रत्येकाला विचारतात. डोक्यात धातू आहे का, पेसमेकर आहे का, हेही विचारतात, कारण चुंबकाचा त्यांच्यावर परिणाम होऊ शकतो. माझे झटके बाळंतपणातले होते, तेव्हा डॉक्टर कदाचित चालेल म्हणतील. पण ते त्यांनी सगळं कळल्यावर ठरवावं. त्या केंद्राने तर फोनवरच दिवस आणि पॅकेज नक्की करून टाकलं. पेशंटशी एक शब्दही न बोलता!

बाळू, मला राग आलेला नाही. तू रात्र रात्र जागून शोधतोस हे सूनबाईने सांगितलं. पण माझी आठवण जाते ती कालपरवाची. चाळीस वर्षांपूर्वीचं लख्ख आहे, आणि समोरचं वाचून समजतंही आहे. तोवर माझ्या डोक्याबद्दलचा कुठलाही निर्णय मला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

या वर्षीची आमसुलं मीच केली. सालं काढायची, रसात मीठ घालायचं, सालं त्यात बुडवून उन्हात टाकायची, संध्याकाळी परत रसात. हाताला सांगावं लागत नाही. एका सकाळी मात्र परडी घेऊन मागीलदारी उभी राहिले आणि हे कितवं पुट ते काही केल्या आठवेना. साल हातात धरून बघितलं, चिकट आणि काळपट झालं होतं. म्हणजे चार तरी झाली असावीत. त्या दिवसापासून मी दाराच्या चौकटीवर खडूने रेघ ओढते, एका पुटाला एक रेघ. डॉक्टर म्हणाले, हाताला बसलेली कामं मेंदूचे वेगळे भाग सांभाळतात. रोजच्या नव्या घटना नोंदवण्याचं काम मुख्यतः मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो, तिथे कमी पडतंय. आठवणीच्या चाचणीत तीसपैकी तेवीस गुण मिळाले मला. घड्याळ बरोबर काढलं, पाच शब्दांपैकी दोनच परत सांगता आले. याला ते माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणतात, म्हणजे आठवण आणि समज थोडी कमी होणं. हा डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. पुढे काहींना तो होतो, काहींचं आहे तिथेच थांबतं, काही जण सुधारतातही.

आता तुझ्या चुंबकाबद्दल. दहावीच्या किती वर्गांना मी फॅरेडे शिकवला! १८३१ सालचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन: चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या वाहकात प्रवाह सुरू होतो. इथे वाहक म्हणजे आपला मेंदू. डोक्यावर धरलेल्या कॉईलमधून क्षणभर जबर प्रवाह सोडतात, क्षेत्र कवटीतून आरपार जातं आणि आत पेशी जाग्या होतात. शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ साली हे करून दाखवलं. कापाकापी नाही, भूल नाही. वाचताना मला फार आनंद झाला, खरंच. शाळेत असते तर मुलांना दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं.

अडचण अशी की कॉईलचा जोर दोन-तीन सेंटिमीटरच पोचतो आणि हिप्पोकॅम्पस त्याहून खोल आहे. म्हणून वरच्या थरातला, त्याच्याशी जोडलेला भाग गाठतात. २०१४ साली शिकागोकडच्या संशोधकांनी निरोगी माणसांत तसं केलं, तेव्हा चेहरा आणि शब्द अशा जोड्या लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता वाढली. रोममध्ये अल्झायमरच्या ५० रुग्णांवर प्रिक्युनियस नावाच्या भागावर उपचार झाले, आधी दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून एकदा, मिळून २४ आठवडे. २०२२ साली निष्कर्ष आले. खरा उपचार मिळालेले जवळपास होते तिथे राहिले, नुसता देखावा केलेल्यांची घसरण झाली. पण माणसं पन्नासच! आणि त्यांना अल्झायमर होता, माझा प्रकार वेगळा. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने या तंत्राला नैराश्यासाठी २००८ मध्येच वाट मोकळी केली. अल्झायमरसाठीचं एक यंत्र मात्र २०१९ साली त्यांच्या तज्ज्ञ समितीला पटलं नाही. तेव्हा त्या केंद्राच्या कागदावरचं ‘स्मरणशक्ती परत मिळवा’ हे वाक्य मला चीड आणतं. घाबरलेल्या घरांना असं लिहून पैसे भरायला लावणं वाईट आहे.

दुसरा तो घरी डोक्याला बांधायचा बॅटरीचा पट्टा. तो मागवू नकोस, मागवला असलास तर परत कर. त्यात खाऱ्या पाण्यात भिजवलेले स्पंज लावून एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह वीस-तीस मिनिटं सोडतात. त्याने पेशी पेटत नाहीत, फक्त पेटायला सोप्या होतात. भरतीचं पाणी होडी उचलून धरतं, वल्हवायचं आपल्यालाच. म्हणून त्याच्या जोडीला मेंदूचा व्यायाम करून घेतात. टोरांटोत ३७५ वयस्कांवर अभ्यास झाला, काहींना अशी जोडी दिली, बाकीच्यांना नुसता देखावा. २०२४ साली निष्कर्ष आले, जोडी मिळालेल्यांची काही वर्षांत घसरण सावकाश झाली. पण हा फायदा मुख्यतः ज्यांना आधी नैराश्य येऊन गेलं होतं त्यांच्यात दिसला. ते सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली झालं. घरी स्पंज सुकला तर कातडी भाजते. २०१६ साली या विषयातल्या संशोधकांनीच खुलं पत्र लिहून घरगुती वापराबद्दल सावध केलं आहे. परिणाम बराच काळ टिकू शकतो, माणसागणिक बदलतो, एक क्षमता वाढताना दुसरी कमी होऊ शकते, असं त्यांचं म्हणणं.

मग मी नाहीच म्हणते का? नाही. खऱ्या अभ्यासात मी आनंदाने बसेन. भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे उपचारांच्या चाचण्यांची नोंदवही आहे, २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे नोंद सक्तीची आहे आणि ती कुणालाही बघता येते. बंगळूरच्या निमहान्समध्ये, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत, या उपचारांवर काम चालतं. माझ्या प्रकारासाठी कुठे माणसं घेत असतील तर बघ. नोंदणी क्रमांक हवा, एथिक्स कमिटीची परवानगी हवी, संमतीपत्र मराठीत हवं आणि संशोधनाच्या उपचाराचे पैसे आपल्याकडून मागता कामा नयेत. माझ्या वाट्याला खोटी कॉईल आली तरी चालेल. नुसता टकटक आवाज ऐकून घरी येईन. कुणीतरी त्या गटात बसल्याशिवाय खरं-खोटं कळणार कसं? माझ्यामागून येणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

तोवर जे हातात आहे ते मी धरलं आहे. बी१२ आणि थायरॉइड तपासून झालं, दोन्ही ठीक. बीपी रोज वहीत लिहिते. आणि कानाचं यंत्र घ्यायला मी तयार झाले आहे, तू इतकी वर्षं म्हणतोस ते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाची १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली आहेत, त्यात ऐकू न येणंही आहे. चिपळूणची वेळ ह्यांनी घेतली. सकाळी व्याडेश्वराला जाऊन पुढे समुद्रावरून चालून येते, बायका भेटतात, बोलणं होतं. मला पुण्याला कायमची नेण्याचा विषय यंदा काढू नकोस. इथे कुठली वस्तू कुठे आहे ते पायांना माहीत आहे.

केंद्राला फोन करून नाव काढ आणि आगाऊ रक्कम परत माग. रजिस्ट्रीत काही सापडलं तर रात्री जेवणानंतर फोन कर. ह्यांच्या नाही, माझ्या नंबरवर. मी वही घेऊन बसेन.

सूनबाईला आणि नातीला आशीर्वाद.

तुझी,
आई