तैनानहून पत्र

तैनान (तैवान), रविवार

प्रिय वैजू,

“रामरक्षा पाठ आहे म्हणून संस्कृत बोलता येतं का आपल्याला?” असं विचारून तू माझी बोलतीच बंद केलीस. नाही येत. आणि ‘सान त्सी चिंग’ हे जुनं चिनी पुस्तक पाठ केल्याने मला चिनीही बोलता येत नाही. तरी मी शनिवारचा पठणाचा वर्ग सोडणार नाहीये. का, ते सविस्तर लिहूनच टाकते, म्हणजे फोनवर पुन्हा तोच वाद नको.

वर्ग आमच्या गल्लीच्या टोकाला, वस्तीच्या सभागृहात भरतो. पाच-सहा वर्षांची पोरं, त्यांना घेऊन येणाऱ्या आज्या, आणि मागच्या रांगेत एवढ्याशा स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मी. आमच्या लाओशी, म्हणजे बाई, सत्तरी ओलांडलेल्या. त्या एक ओळ म्हणतात, आम्ही अक्षराखाली बोट ठेवून तीच ओळ म्हणतो. अक्षराच्या उजवीकडे उच्चाराच्या बारीक खुणा छापलेल्या असतात, त्यामुळे निदान रस्ता चुकत नाही. अर्थ नाही, व्याकरण नाही. कोणी विचारलंच तर “आधी म्हण” एवढंच उत्तर मिळतं. वांग त्साय-क्वेइ यांनी १९९४ मध्ये तैवानात मुलांच्या ग्रंथपठणाची चळवळ सुरू केली, हे वर्ग त्याच वळणाचे. पद्धत मात्र शेकडो वर्षं जुनी आहे. पूर्वीच्या खासगी शाळांत मुलगा गुरुजींकडे पाठ फिरवून उभा राहायचा आणि धडा घडाघडा म्हणायचा, म्हणजे पुस्तकात डोकावायची सोयच नाही. अडखळला की पट्टी!

‘सान त्सी चिंग’ म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या ओळींचं बाळबोध पुस्तक. ते चीनच्या सुंग राजघराण्याच्या काळातल्या वांग यिंग-लिन (१२२३–१२९६) याचं मानतात. सगळं मिळून हजारावर अक्षरं, आवृत्तीप्रमाणे थोडी कमी-जास्त. सुरुवात अशी: “रन् चि छू, शिंग पन् शान्”. माणूस जन्मतः स्वभावाने चांगलाच असतो, असं ते म्हणतंय.

आता गंमत बघ. चिनीत चार सूर असतात, आणि सूर चुकला की शब्दच बदलतो. या पहिल्या सहा अक्षरांत चारही सूर येऊन जातात. ‘रन्’ वर चढतो. ‘चि’ आणि ‘छू’ उंचावर सपाट चालतात. ‘शिंग’ धाडकन खाली येतो, ‘पन्’ तळाशी रेंगाळतो, ‘शान्’ पुन्हा कोसळतो. पाठ्यपुस्तकात तिसऱ्या सुराचं चित्र खाली जाऊन वर येणारं काढलेलं असतं. मी ते बघून ‘पन्’ इमानेइतबारे वर उचलत असे. लाओशी काही समजावत बसल्या नाहीत. हात टेबलावर सपाट ठेवून त्यांनी नुसतं “पन् शान्, पन् शान्” केलं, आणि लक्षात आलं की पुढे वेगळ्या सुराचं अक्षर असलं की हा सूर तळाशीच राहतो, वर येतच नाही. नियम मी नंतर वाचला, तोवर जिभेला तो येत होता. सुटे शब्द घोकून सुटे सूर येतात. सूर एकमेकांना लागून कसे चालतात, ते ओळच शिकवते, आणि तीन अक्षरांची ओळ तर एका श्वासात मावते.

आपल्याला एक गोष्ट आयतीच मिळाली आहे. ‘च’ आणि ‘छ’, ‘प’ आणि ‘फ’ यांतला फरक चिनीला फार महत्त्वाचा. इंग्रजांच्या पोरांना त्यासाठी तोंडासमोर कागद धरून तो हलवून दाखवावा लागतो. आपण तो बालवाडीत गिरवून बसलोय.

एका शनिवारी लाओशींनी ल्यू त्सुंग-युआन या थांग काळातल्या कवीची बर्फातल्या नदीवरची चार ओळींची कविता घेतली. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकाने जुळायला हवी. शाळेतल्या चिनीत त्यांचे शेवट च्युए, म्ये, श्युए असे, सूरही तीन तऱ्हेचे, म्हणजे पुरतं जुळल्यासारखं वाटत नाही. मग बाईंनी तीच कविता त्यांच्या घरच्या तैवानी होक्क्येन बोलीत म्हटली: च्वात, ब्यात, स्वात. शेवटचा ‘त’ ओठांआडच तोडलेला, जेमतेम ऐकू येणारा. उत्तरेच्या बोलीत हे तुटके शेवट झिजून गेले, दक्षिणेकडच्या बोलींनी ते राखले. मागच्या आज्यांपैकी दोघी माना डोलवायला लागल्या. पोरांना काही पडलेली नव्हती, त्यांचं लक्ष बिस्किटांकडे.

आता तुझा मुद्दा. पाठ केलेल्या या ग्रंथांच्या भाषेत मला बाजारात मेथीची जुडीसुद्धा घेता येणार नाही (मेथी मिळत नाही, ते सोड). ग्रंथांची भाषा एकाक्षरी शब्दांची, आजची बोली बहुतेक जोडशब्दांची, आणि ‘तू’, ‘हा’, ‘काय’सारखे रोजचे शब्दही निराळे. म्हणून बोलण्यासाठी संध्याकाळचा वेगळा क्लास लावलाय. पण पाठांतर बाजारात अगदीच वाया जात नाही. ‘सान त्सी चिंग’मध्ये चार वर्षांच्या खुंग रुंगची गोष्ट आहे. त्याने मोठी नासपती भावांना देऊन आपण लहान घेतली. परवा फळवालीकडे मी लहान-लहान नासपती वेचत होते, तर ती हसून म्हणाली, “खुंग रुंग!” मी लगेच ती ओळ म्हणून दाखवली, आणि बाईने वर एक पेरू टाकला. मोठेपणी या खुंग रुंगला त्या काळचा सत्ताधीश त्साओ त्साओ याने इ.स. २०८ मध्ये ठार मारवलं, ते मात्र पोरांना कोणी सांगत नाही.

उशिरा शिकणाऱ्याचंही उदाहरण आहे त्यात: सू श्युन, जो सत्ताविसाव्या वर्षी नेटाने अभ्यासाला लागला. सत्तावीस म्हणजे उशीर! मी ती ओळ जरा हळू आवाजात म्हणते.

पठणाने मुलं संस्कारी होतात वगैरे जे बोललं जातं, त्यावर माझा विश्वास नाही. पलीकडे चीनमध्ये तर काही ठिकाणी पोरांना शाळेतून काढून दिवसभर नुसतं पठण करायला बसवलं, गणित नाही की विज्ञान नाही. हा शुद्ध अघोरीपणा आहे. १९१२ मध्ये त्साय युआन-फेइ शिक्षणमंत्री असताना त्यांनी प्राथमिक शाळांतून ग्रंथपठण काढून टाकलं, ते उगाच नव्हे. आठवड्यातून एक सकाळ, वर घरी रोज दहा मिनिटं, यापलीकडे मी जात नाही.

आणि पणजीत बसून मला हसू नकोस, बाई. मात्तेओ रिच्ची हा इटालियन जेसुइट चीनला जाण्याआधी तुमच्या गोव्यातच होता. १५७८ मध्ये तो तिथे उतरला आणि १५८२ मध्ये मकाऊला गेला. पुढे कन्फ्यूशियस परंपरेच्या ‘चार ग्रंथां’चं त्याने लॅटिन केलं, आणि नव्याने येणाऱ्या पाद्र्यांना त्यावरूनच चिनी शिकवत. म्हणजे मोठ्यांनीही सुरुवात ग्रंथांपासूनच केलेली आहे. त्याची स्मरणशक्ती मात्र अचाट, अक्षरांची यादी एकदा वाचून उलटसुलट म्हणायचा म्हणे. मला एक ओळ आठवडाभर पुरते.

तू खरंच सुरू करणार असशील तर ‘छ्येन त्सी वन’ या दुसऱ्या पाठांतराच्या पुस्तकाला आधी हात लावू नकोस. त्यातल्या हजार अक्षरांत एकही पुन्हा येत नाही, त्यामुळे आधीच्या ओळीचा पुढच्या ओळीला आधार मिळत नाही. तीन अक्षरांचंच घे. पहिल्या बारा ओळी लाओशींच्या आवाजात, त्यांना विचारूनच, फोनवर पाठवल्या आहेत. ऐक, म्हण, आणि तुझं रेकॉर्डिंग पाठव. ‘पन्’ वर उचललास तर कळेलच मला.

काकूंना नमस्कार सांग. येताना मी इथला चहा आणणार आहे, तू कोकमाची आगळ काढून ठेव.

तुझी,
मीना